शिशाच्या गोळीवर भाजलेला रंग

लग्नसराईत परतूरच्या रस्त्यावरून सामानाचा टेम्पो निघाला की त्यात पोलादी कपाट असतंच. मराठवाड्यात त्याला अजूनही ‘गोदरेज’ म्हणतात, मग ते जालन्याच्या एखाद्या शेडमध्ये का बनलेलं असेना. गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाटं करायला घेतली आणि कंपनीचं आडनाव वस्तूलाच चिकटलं. दोरीने करकचून आवळलेलं, खड्ड्याखड्ड्यांत हादरे खाणारं हे कपाट नवरीच्या सासरी पोचतं, दोर सुटतात, आणि दोराच्या वळाखालचा रंग जागच्या जागी असतो. आजीच्या काळातल्या कपाटावरून ऑइलपेंटचे जसे पोपडे निघत, तसे इथे निघत नाहीत. कारण हा रंग ओला लावून वाळवलेला नाही. कोरडी भुकटी पत्र्यावर बसवून ती भट्टीत भाजलेली आहे. कारखान्यात याला पावडर कोटिंग म्हणतात.

हाच उद्योग तळहातावर मावेल एवढ्या वस्तूवर करणारी माणसं जगात हजारोंनी आहेत. ती गळाने मासे धरणारी हौशी मंडळी. घरी साच्यात शिसं ओतून ती पाच-दहा ग्रॅमची एक गोळी गळावर बसवतात, गोळी तापवतात, रंगाच्या भुकटीत बुडवतात आणि केक-बिस्किटं भाजायच्या छोट्या ओव्हनमध्ये वीस मिनिटं टांगतात. बाहेर येते ती काचेसारखी चकाकणारी रंगीत ‘जिग’.

वाळूज एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला जिग म्हटलं की जॉब धरून ठेवणारं फिक्श्चर आठवेल. पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये तर जॉब टांगायच्या आकड्यांनाही जिगच म्हणतात. मासेमारीतली जिग वेगळी. गळाची दांडी वरच्या टोकाला वाकवलेली असते आणि त्या वाकणावर शिशाचं डोकं ओतलेलं असतं. दोरी ज्या कानात बांधायची तो कान डोक्याच्या वर येतो. त्यामुळे पाण्यात गळाचं अणकुचीदार टोक वरच्या अंगाला राहतं आणि तळाच्या दगडधोंड्यांत कमी अडकतं. काठीला हलका झटका दिला की जिग उडी मारते, दोरी सैल सोडली की तळाकडे बुडते. जखमी मासा जसा उठतो-पडतो तशी ती हालचाल. शिकारी माशाला तेवढं पुरतं.

परतूरकरांना पाणी दूर नाही. दुधना नदी या तालुक्यातून वाहत पुढे परभणी जिल्ह्यात पूर्णेला मिळते. सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ तिच्यावर निम्न दुधना प्रकल्पाचं धरण आहे आणि त्याचा फुगवटा मागे परतूर-मंठ्याच्या बाजूला पसरतो. अशा जलाशयांवरची मासेमारी बहुतेक जाळ्यांची. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातांनी पाणी मारत जाळी लावायला जाणारे मच्छीमार मराठवाड्यातल्या कुठल्याही धरणावर दिसतात. रोहू, कटला, मृगळ हे इथले बाजाराचे मासे. काठावर बसून गळ टाकणाऱ्याला ते मिळतात ते कणकेच्या किंवा पेंडीच्या गोळीवर. जिगकडे ते सहसा ढुंकूनही बघत नाहीत. जिग हे मरळ, शिवडा, शिंगाळा अशा मासे खाणाऱ्या माशांचं आमिष. त्यातही मरळ शेवाळात आणि पाणवनस्पतींत दबा धरून बसते. तिथे जिग गुंतून बसते, म्हणून मरळीचे शौकीन रबरी बेडूक वापरतात. उघड्या, खडकाळ तळावर जिगचं खरं काम. समुद्रकिनारी तिला जास्त वाव आहे. रायगडच्या खाड्यांत जिताडा, मालवणकडच्या खडकांत गोबरा. केरळात विळिंजमचे मच्छीमार तर हातदोरीला बांधलेल्या जिगने माकूल धरतात, आणि तो त्यांचा छंद नाही, पोटाचा धंदा आहे.

गळाचं शास्त्र या मुलखाला नवं नाही. मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, लातूर-धाराशिवच्या शेजारचं. राजाने वेळ कसा घालवावा हे सांगताना त्यात ‘मत्स्यविनोद’ असा एक भागच आहे. माशांच्या सुमारे 35 जाती, कोणत्या माशाला कोणतं आमिष द्यायचं, काठी-दोरी कशी असावी, हे सगळं त्यात आलेलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या भागावर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हा आधुनिक मत्स्यशास्त्राचं लक्ष तिकडे गेलं. सोमेश्वराला शिशाची रंगीत जिग ठाऊक नव्हती. मासा पाहून आमिष ठरवायचं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

रंग हा त्या ठरवण्याचाच भाग. पाण्यात प्रकाश उतरतो तसा लाल रंग सगळ्यांत आधी विझतो; काही मीटर खाली तांबडी जिग काळपट दिसते. पावसाळ्यात काळ्या रानाची माती वाहून पाणी गढूळ झालं की गळवाले पोपटी-पिवळ्या भडक रंगाकडे वळतात, पाणी निवळलं की पांढऱ्या-रुपेरी. म्हणजे एकाच मापाच्या जिगा निरनिराळ्या रंगांत हव्यात. बाजारात तेवढे रंग मिळत नाहीत, मिळाले तर महाग पडतात, आणि जिग ही दगडात अडकून तुटण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू. म्हणून घरी ओतायची, घरीच रंगवायची.

साधा रंग का चालत नाही? शिसं मऊ. नखाने ओरखडा उठतो. मराठवाड्याच्या नद्यांचा तळ म्हणजे काळा बेसाल्ट. जिग त्यावर दर फेकीला आपटते. नेलपॉलिश किंवा इनॅमल रंग दोन-चार फेकींत टवके काढून मोकळा होतो. काम लवकर उरकावं म्हणून जाड थर दिला तर आत ओलाच राहतो, पातळ दिला तर तीन-चार हात द्यावे लागतात. भुकटीचा रंग एका बुडीत लागतो आणि नीट भाजला तर दगडाला पुरून उरतो.

ही भुकटी म्हणजे रांगोळीसारखं नुसतं रंगद्रव्य, असं वाटतं. तसं नाही. तिच्या प्रत्येक कणात राळेसारखा एक प्लास्टिकचा घटक, त्याला घट्ट करणारा हार्डनर, रंगद्रव्य आणि भरणाची पूड असं सगळं आधीच एकत्र असतं. कारखान्यात हे जिन्नस कोरडे मिसळून एक्सट्रूडरमध्ये बेताच्या उष्णतेवर एकजीव वितळवतात, लाटून पातळ पापुद्रा करतात, थंड झाल्यावर त्याचे तुकडे करून दळतात. दळण पिठाहून बारीक असतं. कण साधारण 30 ते 50 मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. घटक कोणता यावर जात ठरते. इपॉक्सी चिवट आणि गंजाला भारी, पण उन्हात काही महिन्यांत खडूसारखी पांढरी पूड सोडते. प्युअर पॉलिएस्टर ऊन सोसतं. दोन्हींच्या मिश्रणाला बाजारात हायब्रिड किंवा इपॉक्सी-पॉलिएस्टर म्हणतात. घरातल्या कपाटाला ते पुरतं, गच्चीवरच्या ग्रिलला पुरत नाही. जिगचा बहुतेक जन्म डबीत आणि पाण्यात जातो, त्यामुळे तिला तिन्ही चालतात.

भुकटीला अशी कामाला लावण्याची युक्ती जर्मनीत निघाली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एर्विन गेमर या अभियंत्याने एका टाकीच्या सच्छिद्र तळातून हवा सोडली. टाकीतली भुकटी फुगली, हलकी झाली आणि उतू जाणाऱ्या दुधासारखी खदखदू लागली. तापलेली वस्तू त्यात बुडवली की कण तिच्यावर सगळ्या बाजूंनी सारखे चिकटत. फवाऱ्याची बंदूक त्यानंतर आली. आज कपाटावर, मोटारसायकलच्या सांगाड्यावर किंवा पंख्याच्या पात्यावर भुकटी बसते ती विजेच्या जोरावर. गनमधून निघणाऱ्या कणांना भार दिलेला असतो, टांगलेल्या जॉबला अर्थिंग दिलेलं असतं, म्हणून थंड पत्र्यावरही कण चिकटून बसतात. खाली सांडलेली भुकटी गोळा करून परत वापरता येते. ओल्या रंगातलं थिनर हवेत उडून जातं, इथे ते नसतंच.

घरच्या जिगवाल्याने मात्र गेमरचीच जुनी वाट धरली आहे. प्लास्टिकच्या नळीचा एक पेला, तळाला कॉफी गाळायच्या कागदासारखा बारीक पडदा, खालून मत्स्यालयाचा हवेचा छोटा पंप. झाली टाकी. पंपाची हवा बेताची ठेवली की पेल्यातली भुकटी मऊ होऊन हलू लागते. ज्याच्याकडे तेवढंही नाही, तो डबी हलवून भुकटी मोकळी करतो आणि जिग त्यात पटकन फिरवून काढतो.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या यातलं बरंचसं डोळ्यांखालून गेलेलं आहे, फक्त नाव वेगळं होतं. कल्हईवाला गावात यायचा, खड्डा करून भाता लावायचा. भांडं आधी घासून, तापवून घ्यायचा. नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग साफ करायचा आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचा. भांडं थंड असतं तर कथील बसलंच नसतं. मळ राहिला असता तर तिथे डाग राहिला असता. तापलेली, स्वच्छ धातूच लेप धरते, हे तत्त्व तेच.

म्हणून पहिलं काम सफाईचं. साच्यातून निघालेल्या जिगवर शिवणीच्या कडा असतात; त्या कानशीने घासून काढायच्या. हाताचं तेल स्पिरिटने पुसायचं. कारखान्यात या तयारीचा पसारा केवढा असतो ते ‘सेव्हन टँक प्रोसेस’ या शब्दावरून कळेल. तेल काढणं, धुणं, आम्लाने गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेटिंग, पुन्हा धुणं, शेवटी पॅसिव्हेशन. सात टाक्यांतून फिरल्यावर पत्र्याला रंग. स्वस्त कपाटाचा रंग वर्षभरात फुगून सुटतो, त्यामागे बऱ्याचदा भुकटी वाईट नसते; सातपैकी चार टाक्या वाचवलेल्या असतात.

दुसरं काम तापवण्याचं. गळ पकडीत धरून शिशाचं डोकं हीट गनपुढे किंवा स्पिरिटच्या दिव्यावर काही सेकंद फिरवायचं आणि लगेच भुकटीत एक-दोन सेकंद. बाहेर काढल्यावर रंग ओल्यासारखा चकाकला तर तापमान बरोबर. मखमलीसारखा कोरडा, खरखरीत दिसला तर जिग थंड होती. पुन्हा हलकी ऊब दिली की कण वितळून सपाट होतात. डोकं फार तापलं तर भुकटी जाड चिकटते आणि खाली थेंब लोंबतो. तो थेंब जिगचा तोल घालवतो. कानातही रंग भरतो. तो गरम असतानाच सुईने मोकळा केला नाही तर नंतर खिळ्याने फोडावा लागतो.

इथवर आलेली जिग देखणी दिसते. चकचकीत, गुळगुळीत, हाताला न लागणारी. पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि पहिल्याच सहलीत दगडावर आपटून रंगाचे टवके उडाले की भुकटीला शिव्या घालतात.

कुंभाराच्या अंगणातलं मडकं आठवावं. चाकावरून उतरवून उन्हात वाळवलेलं मडकं दिसायला पुरं असतं. हातात धरता येतं, टिचकी मारली तर बदकन का होईना वाजतं. पण त्यात पाणी ओतलं की ते पुन्हा चिखल होतं. आव्यात भाजलेलं मडकं फुटेल, पण चिखल होणार नाही. आगीने मातीत असा बदल केलेला असतो की तो मागे फिरवता येत नाही. भुकटीचंही तसंच. वितळणं हा तिचा पहिला टप्पा. त्यात कण एकमेकांत मिसळून थर सपाट होतो, पण आतले रेणू सुटे असतात. तो थर पुन्हा तापवला तर पुन्हा वितळेल. ओव्हनमध्ये तापमान पुरेसं आणि पुरेसा वेळ राहिलं की हार्डनर जागा होतो, रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात आणि सगळा थर एकच जाळं होतो. मग त्याला कितीही तापवा, तो करपेल, वितळणार नाही. कारखान्यात याला क्युअर होणं म्हणतात. चकाकी पहिल्या टप्प्यात येते, ताकद दुसऱ्या. डोळ्याला दोन्ही जिगा सारख्याच दिसतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

किती तापमान, किती वेळ? अमेरिकेत जिगसाठी विकल्या जाणाऱ्या भुकट्यांवर साधारण 350 अंश फॅरनहाइट, म्हणजे 177 अंश सेल्सिअस, आणि सुमारे वीस मिनिटं असं लिहिलेलं असतं. औद्योगिक भुकटीच्या कागदावर 180 अंशांना वीस मिनिटं किंवा 200 अंशांना दहा मिनिटं अशा जोड्या दिसतात. त्या कागदावर एक शब्द बारीक अक्षरात असतो आणि तोच महत्त्वाचा: मेटल टेंपरेचर. ओव्हनची हवा 180 झाली तिथून घड्याळ सुरू करायचं नाही. धातू 180 झाली तिथून करायचं. जाड लोखंडी फाटकाला तिथवर पोचायला अर्धा तास लागू शकतो. पाच ग्रॅमची जिग काही मिनिटांत पोचते. पण एका खेपेला चाळीस-पन्नास जिगा टांगल्या तर त्यांचाही वेळ वाढतो.

घरगुती ओटीजीची, म्हणजे केक-बिस्किटांच्या त्या छोट्या ओव्हनची, गंमत अशी की त्याच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांचं फारसं जमत नाही. थर्मोस्टॅट बंद-चालू होताना तापमान वीस-तीस अंशांनी खालीवर होतं आणि लाल झालेल्या कॉइलसमोर टांगलेली जिग बाकीच्यांपेक्षा फार तापते. पांढऱ्या रंगावर हे पहिलं कळतं. तो पिवळट पडतो. उपाय स्वस्त आहे. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्यायचा, जिगा आडव्या तारेला एकमेकींना न टेकता मधोमध टांगायच्या, खाली जुना ट्रे ठेवायचा. मायक्रोवेव्हचा विचारही करू नये. धातूचा गळ आत ठिणग्या पाडेल.

रंग क्युअर झाला की नाही, याची परीक्षा कारखान्यात जोरदार सॉल्व्हेंटचा बोळा घासून आणि वजन पाडून घेतात. घरी नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस पुरतो. एका जिगवर पंधरा-वीस वेळा घासावा. रंग चिकट होऊन कापसावर उतरला तर सगळा घाणा पुन्हा ओव्हनमध्ये. दुसरी परीक्षा दगडाची. एक जिग फरशीवर आपटून पाहावी. थर दबला तर ठीक, काचेसारखा तडकून उडाला तर कच्चा. पिसं, केस, रबरी झालर, चिकटवलेले डोळे हे सगळं या परीक्षेनंतर. आधी लावलं तर ओव्हन त्यांचा कोळसा करील.

ज्यांना शिसं नको आहे त्यांच्यासाठी इथे एक खड्डा आहे. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणून 177 अंशांच्या ओव्हनमध्ये ते निवांत असतं. कथील 232 अंशांना वितळतं. त्यालाही धोका नाही. पण शिशाऐवजी सुचवली जाणारी बिस्मथ-कथलाची एक लोकप्रिय मिश्रधातू 138 अंशांनाच पाणी होते. घरी ओतायला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही, आणि म्हणूनच भुकटीचा रंग तिला चालत नाही. रंग पिकायच्या आत डोकंच ट्रेमध्ये थेंब होऊन पडतं आणि तारेला नुसता गळ लोंबत राहतो. अशा जिगला हवेत घट्ट होणारा दोन भागांचा इपॉक्सी रंग द्यावा. शुद्ध कथलाची जिग भाजता येते, पण कथील शिशाच्या दोन-तृतीयांशाहूनही हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनासाठी डोकं मोठं करावं लागतं.

शिसं टाळायचं कशासाठी, हे नुसत्या तोंडी इशाऱ्याने पटत नाही. पाणपक्षी दळणासाठी तळातले खडे गिळतात. त्यांत शिशाची गोळी गेली की पोटातल्या दगडी जात्यात ती झिजते आणि विष रक्तात उतरतं. हंस मरू लागले तेव्हा ब्रिटनने 1987 पासून बहुतेक लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. डेन्मार्कने 2002 मध्ये शिशाच्या मासेमारी साहित्याची आयात आणि विक्री थांबवली. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत 50 ग्रॅमहून हलक्या शिशाच्या जिगा चालत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्याची गोष्ट तर थेट रंगाशी जोडलेली आहे. तिथे आधी न रंगवलेल्या लहान शिसे-जिगांवरच बंदी होती. रंग दिला की जिग कायद्यातून सुटत होती. 2023 मध्ये तिथल्या कायद्याने रंगवलेल्या जिगाही बंदीत घेतल्या. पक्ष्याच्या पोटातल्या जात्यापुढे कितीही पक्का भाजलेला रंग टिकत नाही, हे त्यांनी मान्य केलं. शेजारच्या जायकवाडीला हिवाळ्यात पाहुणे पक्षी हजारोंनी उतरतात, तेव्हा ही गोष्ट परदेशाची म्हणून सोडून देता येत नाही.

माणसाचंही तेच. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने भारतातल्या सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमहून जास्त असल्याचा अंदाज मांडला. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं 2017 पासून दहा लाखांत 90 भागांवर आणलं आहे. भिंतीवरून ते काढायचं आणि स्वयंपाकघरातल्या गॅसवर पातेल्यात वितळवायचं, याला अर्थ नाही. 177 अंशांना शिशाची वाफ होत नाही हे खरं, पण कानशीची पूड, हाताला लागलेला काळा डाग आणि ओव्हनच्या जाळीवर घासलेली जिग, शिसं पोटात जायला एवढं पुरतं. ओतण्याचं काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, लहान मुलांपासून दूर करावं. साचा दमट नको. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात पडला तर ते उसळून अंगावर येतं. भुकटीसाठी तोंडाला मास्क हवा. काही जुन्या पॉलिएस्टर भुकट्यांतला टीजीआयसी नावाचा हार्डनर युरोपात घातक म्हणून नोंदलेला आहे. आणि बारीक भुकटी हवेत दाट उधळली तर पिठाच्या गिरणीतल्या धुळीसारखी पेट घेऊ शकते. उघड्या दिव्याशेजारी डबी झटकायची नाही.

परतूरच्या माणसाला आणखी एक अडचण आहे, जी अमेरिकेच्या सूचनापत्रकात कोपऱ्यात एका ओळीत येते: भुकटी थंड, कोरड्या जागी ठेवा. भुकटी बनवणारे साधारण 25 ते 30 अंशांची मर्यादा सांगतात. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर जातो. अशा उष्णतेत कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, हार्डनर हळूहळू आपलं काम सुरू करतो आणि डबी उघडावी तर आत जुन्या गुळासारखा खडा. पावसाळ्यातली दमट हवाही भुकटीला मानवत नाही. ओलसर भुकटी पेल्यात फुगत नाही आणि भाजताना थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

त्यामुळे ज्याला हे करून पाहायचं आहे त्याने भुकटी दिवाळीनंतर मागवावी, तीही लागेल तेवढीच, आणि डबीवर तारीख लिहावी. तोवर पावसाळा सरलेला असतो, पाणी निवळू लागलेलं असतं. जलाशयातली मासेमारी ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेला विचारून मगच काठावर बसावं. पाणी सरकारी असलं तरी त्यातले मासे त्यांनी बीज सोडून वाढवलेले असतात. तुटलेली जिग दिसेल तिथून उचलून परत आणावी. जुना ओटीजी एकदा या कामाला लावला की त्याच्या दारावर ठळक मार्करने ‘शिशाचं काम, खाण्यासाठी नाही’ असं लिहावं, आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, भंगारात देतानाही ती अक्षरं पुसू नयेत.